फतेउल्लाहचे दरवाजे

१५ डिसेंबर १८०३. गाविलगडाच्या बाहेरच्या तटाला खिंडार पडलं आणि इंग्रजांची फौज आत शिरली. पुढे बघते तो आतला तट जसाच्या तसा उभा! मग ९४व्या पलटणीचा कॅप्टन कॅम्पबेल शिडी लावून तट चढला, त्याने आतून दरवाजा उघडला आणि गड पडला. नागपूरकर भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. या मोहिमेचा सेनापती आर्थर वेलस्ली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच हा. त्यामुळे गाविलगडावर जे काही लिहिलं गेलं, ते बहुतेक या एका दिवसापाशीच घुटमळतं.

गंमत अशी, की इतक्या खटाटोपाने घेतलेला गड इंग्रजांनी परत केला. दोनच दिवसांनी झालेल्या देवगावच्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड निजामाकडे गेलं. पण गाविलगड, नरनाळा हा दुसरा गड आणि चार लाख उत्पन्नाचा मुलूख त्या वेळी भोसल्यांकडेच राहिला.

त्याआधीची पावणेचारशे वर्षं मात्र मागे पडली. बहमनी सुलतान अहमदशहाने १४२५ च्या सुमारास अचलपुरात मुक्काम टाकून गाविलगड बांधला, नरनाळ्याची डागडुजी केली. पण या गडांना आजचं रूप दिलं ते फतेउल्लाह इमाद-उल-मुल्कने. हा मूळचा विजयनगरकडचा कानडी हिंदू. लढाईत लहानपणीच पकडला गेला आणि चढत चढत वऱ्हाडचा सुभेदार झाला. १४८७ मध्ये नरनाळ्याचा महाकाली दरवाजा, १४८८ मध्ये गाविलगडाची दुरुस्ती, आणि १४९० मध्ये स्वतंत्र इमादशाही! आधी गड मजबूत करून घेतले, मग मान वर काढली, असं म्हणायला हा क्रम पुरेसा आहे.

माणूस कुठून आला हे त्याच्या दगडांतही दिसतं. गाविलगडाच्या एका दरवाजावर हत्तींना पकडलेला दोन तोंडांचा पक्षी कोरलाय. हा गंडभेरुंड, विजयनगरच्या मुलखातलं जुनं चिन्ह. महाकाली दरवाजाचा थाट आणखी वेगळा. काळ्या दगडाच्या या प्रदेशात तो पांढरट वालुकाश्मात उभा आहे. कमानीवर अरबी लेख, आजूबाजूला कमळं, दोन्ही अंगांना कोरीव सज्जे. शत्रूला अडवायला एवढं नक्षीकाम लागत नाही. ते येणाऱ्याला दिपवण्यासाठी असतं.

इमादशाही चौऱ्याऐंशी वर्षं टिकली. शेवटी तिचा सूत्रधार तुफालखान नरनाळ्यात आणि त्याचा मुलगा गाविलगडावर अडकला. १५७४ मध्ये अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने दोन्ही गड घेतले. पुढे मोगल, मग भोसले.

१८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, आणि डोंगरावर शिबंदी ठेवण्याचं कारणच उरलं नाही. साहेब लोक गाविलगड सोडून शेजारच्या चिखलदऱ्याच्या थंड हवेत रमले. तटांवर झाडं वाढली. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प आला, त्यातल्या पहिल्या नऊ जंगलांत या गडांभोवतीचं मेळघाट होतं.

चिखलदऱ्याला जाणारे गाविलगड बघून येतात. नरनाळा त्या मानाने उपेक्षित. अकोटकडून शहानूर गाठून, वनखात्याच्या नाक्यावरून वर जावं लागतं. तरी एकच दिवस हाताशी असेल, तर नरनाळाच निवडावा. वाटेत महाकाली दरवाजा लागतो आणि वर नऊगजी तोफही बघायला मिळते.