निराधार कुत्र्यास घरीं आणण्यापूर्वीं

पिल्लू विकत घेण्याऐवजीं एखाद्या निराधार कुत्र्यास घरीं आणावें, अशी इच्छा हल्लीं आमचे अनेक विद्यार्थी बोलून दाखवितात. ही इच्छा स्तुत्य आहे. परंतु केवळ दयेनें हें काम तडीस जात नाहीं, हें आम्ही अनुभवानें शिकलों.

निराधार कुत्र्यांसाठीं आश्रयगृह ही कल्पना जुनी आहे. लंडन शहरांत मेरी टील्बी या बाईंनीं १८६० सालीं असें गृह उघडलें. तें १८७१ सालीं बॅटरसी येथें गेलें व आजही चालू आहे. मुंबईंत प्राण्यांच्या छळास आळा घालणारी संस्था १८७४ सालीं निघाली. आज आपल्याकडील अनेक शहरांत अशीं आश्रयगृहें आहेत.

दोन वर्षांपूर्वीं अशाच एका गृहांतून आम्हीं एक मोठा कुत्रा आणला. मुलांनीं त्याचें नांव मोत्या ठेविलें. तेथें शेपूट हालविणारा हा प्राणी घरीं येतांच खाटेखालीं शिरला, तो दोन दिवस बाहेर येईना. कोणीं केरसुणी हातीं घेतली कीं थरथर कांपे. चौथ्या रात्रीं तो अखंड रडला. शेजारी जागे झाले, आणि सकाळीं त्यास परत पोंचवावें असें आम्हीं ठरविलें. तेव्हां आमच्या धाकट्या मुलीनें विचारलें, "बाबा, त्याला एकदां कोणीं टाकलेंच आहे ना?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. मोत्या राहिला.

अडचणीचें मूळ असें कीं, आश्रयगृहांतील कुत्र्याचा पूर्वेतिहास बहुधा कोणासही ठाऊक नसतो. त्यास कोणीं मारलें, कोणीं उपाशी ठेविलें, हें तो सांगूं शकत नाहीं. भ्यालेला कुत्रा गुरगुरतो, लपतो, वस्तू कुरतडतो किंवा घर घाण करितो. हा दुष्टपणा नव्हे. जाणते लोक स्थूलमानानें सांगतात कीं, भय ओसरण्यास तीन दिवस, घराची रीत समजण्यास तीन आठवडे आणि विश्वास बसण्यास तीन महिने लागतात. कांहींस याहून अधिक काळ लागतो.

म्हणून पालकांनीं कांहीं प्रश्न आधींच सोडवावे. खाणें, लसी व औषधें यांचा खर्च झेपेल काय? दिवसा घरीं कोण असतें? घर भाड्याचें असल्यास मालकाची संमति आहे काय? कुत्रा दहाबारा वर्षें जगतो; आज सातवींत असलेला मुलगा शिक्षणासाठीं परगांवीं गेल्यावर त्यास कोण सांभाळील?

घरीं आणल्यावर त्यास एक शांत कोपरा द्यावा. जेवण व फिरणें ठराविक वेळीं असावें. तो जेवत असतां किंवा निजला असतां मुलांनीं त्यास हात लावूं नये. चावल्यास जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. रेबीजचीं लक्षणें दिसूं लागल्यावर रोगी बहुधा वांचत नाहीं. कंटाळून कुत्र्यास उपासमारीच्या तोंडीं सोडून देणें हा तर १९६० च्या कायद्यान्वयें गुन्हा आहे.

मोत्या आतां दाराशीं निश्चिंत निजतो. केरसुणी दिसली कीं मात्र अजूनही उठून दूर जातो, व आम्ही ती बाजूस ठेवितों. विद्यार्थिमित्रहो, ज्यांस इतका धीर धरतां येईल, त्यांनीं आश्रयगृहाचें दार अवश्य ठोठवावें. इतरांनीं तूर्त थांबावें. त्यांतही दयाच आहे.