डोळे उघडले म्हणून पिल्लू न्यायचं नसतं

"डोळे उघडलेत, चपाचपा दूध पितंय, न्या बिनधास्त. लहानपणीच नेलं की लळा लागतो."

नांदेड-लातूर पट्ट्यात कुत्र्याचं पिल्लू शोधायला निघालेल्या माणसाला हे वाक्य ऐकावंच लागतं. विकणारा सांगतो, शेजारचे काका सांगतात, शेतातल्या गड्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळ्यांचं यावर एकमत. आपल्याकडे इतर कशावर इतकं एकमत होत नाही, आणि नेमकं जिथे होतं तिथे सगळेच चुकतात.

या भागात कुत्र्याची हौस नवी नाही. लोहा तालुक्यातलं माळेगाव नांदेड-लातूर रस्त्यावरच आहे. तिथल्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवं, गुरं यांच्या बाजाराबरोबर कुत्र्यांचीही उलाढाल होते. जिल्हा परिषदेच्या पशुप्रदर्शनात श्वानांचा वेगळा मान असतो. देवच असा की त्याच्या पायाशी कुत्रा, आणि त्याचा वाघ्या स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवतो. चाकूर तालुक्यातलं जानवळ तर कारवान आणि पश्मी कुत्र्यांसाठीच ओळखलं जातं. लांब पायांचं, खोल छातीचं, कंबरेत आखडलेलं ते जनावर पळताना एकदा पाहिलं की विसरत नाही. म्हणजे जाण आहे, परंपरा आहे, डोळा आहे. आणि तरीही महिन्याभराचं पिल्लू पिशवीत घालून मोटारसायकलच्या हँडलला अडकवून नेलं जातं. माझा राग या विसंगतीचा आहे.

आता वस्तुस्थिती. पिल्लाचे डोळे जन्मानंतर १० ते १४ दिवसांत उघडतात. तेव्हा "डोळे उघडले" या दाखल्यावरून एवढंच कळतं की पिल्लू दोन आठवड्यांचं झालं. ते धड चालत नाही, स्वतःचं अंग उबदार ठेवू शकत नाही, आणि माळेगावची यात्रा भरते ऐन थंडीत. आईपासून वेगळं करण्याचं वय आठ आठवडे. हे कुणा प्राणिप्रेमी संघटनेचं मत नाही, कायदा आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नियम कागदावर आहे आणि बाजार उघड्यावर, हे मलाही माहीत आहे. पण निदान घेणाऱ्याला तरी तो माहीत असावा.

"वय महिनाभर की दोन महिने, कसं ओळखायचं? मालक म्हणेल ते खरं." हा प्रश्न देवणी आणि लाल कंधारी बैलांच्या मुलखात विचारला जावा, याचं मला हसू येतं. बैल घेताना आपण ओठ वर करून दात पाहिल्याशिवाय पुढचं बोलत नाही. आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला, सगळं बोटावर. त्याच हाताने पिल्लाचा ओठ वर करा. नुसती गुलाबी हिरडी किंवा सुळ्याचं जेमतेम टोक दिसलं, तर पिल्लू फार तर तीन-चार आठवड्यांचं आहे, मालक काहीही म्हणो. पुढचे बारीक दात साधारण चार ते सहा आठवड्यांत येतात. आठ आठवड्यांच्या सुमाराला तोंडात दुधाचे सगळे २८ दात असतात: वर चौदा, खाली चौदा, सुईसारखे टोकदार. बोट घालून बघा, खात्री पटेल.

राहिला लळ्याचा मुद्दा. सगळ्यांचा जीव त्यातच अडकलेला असतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

१९६१ साली 'सायन्स' या नियतकालिकात फ्रीडमन, किंग आणि एलियट या अमेरिकी संशोधकांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत पिल्लं आईबरोबर, माणसापासून दूर वाढवली. त्यातली काही दुसऱ्या, काही तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि नवव्या आठवड्यात एकेका आठवड्यापुरती माणसांत आणली. दोन आठवड्यांच्या पिल्लांना माणसाशी देणंघेणं नव्हतं. ती खायची, सरपटायची आणि झोपायची. माणसाशी उत्तम जमलं ते पाचव्या ते नवव्या आठवड्यात आणलेल्यांचं. चौदा आठवडे माणूस न पाहिलेली पिल्लं मात्र बुजरीच राहिली. याचा सरळ अर्थ असा की आठव्या आठवड्यात घरी आलेल्या पिल्लाला तुमचा लळा लागायला भरपूर अवकाश असतो. तुमची वेळ काही टळलेली नसते. शिवाय जन्मलेल्या घरात लेकरं त्याला रोज हाताळत असतील, तर माणसाची ओळख तिथेच सुरू झालेली असते.

उलट पाचव्या-सहाव्या आठवड्यात पिल्लू जे भावंडांकडून शिकतं, ते तुम्ही शिकवू शकत नाही. दोन पिल्लं झोंबतात, एक जोरात चावतं, दुसरं किंचाळून खेळ मोडतं. आईला दात लागले की ती गुरकावते, उठून निघून जाते. किती जोरात चावलं की खेळ बंद पडतो, हा धडा दिवसातून कितीतरी वेळा गिरवला जातो. तो चुकला की चौथ्या महिन्यात तुमच्या लेकराच्या मनगटावर दातांच्या खुणा दिसतात. मग "फार हिंस्र निघालं" म्हणत त्याला साखळीने बांधलं जातं, आणि बांधलेलं कुत्रं आणखी बिघडतं. इटलीतल्या संशोधकांनी २०११ साली 'व्हेटरिनरी रेकॉर्ड'मध्ये १४० कुत्र्यांची माहिती मांडली. निम्मी ३० ते ४० दिवसांत आईपासून तोडलेली, निम्मी दोन महिन्यांनी. लवकर तोडलेल्यांत मोठेपणी नासधूस, अति भुंकणं, फिरायला नेल्यावर घाबरणं, अन्नावरून गुरकावणं जास्त आढळलं. माहिती मालकांनी सांगितलेली होती, ही त्या अभ्यासाची मर्यादा धरूनही दिशा स्पष्ट आहे.

लवकर आणलेलं पिल्लू पायात पायात करतं, क्षणभर सोडत नाही, हे खरं. आपण त्याला लळा म्हणतो. ते घाबरलेलं असतं.

मग हा समज का टिकलाय? कारण त्यात विकणाऱ्याचा फायदा आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून पिल्लांना वरचं खाणं लागतं. सहा-सात पिल्लांना महिनाभर पोसायचं, जंत काढायचे, पहिली लस द्यायची, म्हणजे खर्च आला. आणि त्यातली दोन-तीन मेली तर तोटा त्याचा. चौथ्या आठवड्यात गळ्यात मारलं की खर्चही तुमचा, तोटाही तुमचा, आणि वर लळ्याचं तत्त्वज्ञान फुकट.

त्या मरण्याबद्दलही बोलायला हवं. "आणलं तेव्हा चांगलं खेळत होतं, पाचव्या दिवशी ओकायला लागलं, रक्ताची हगवण लागली आणि गेलं. नजर लागली." दुसरा पर्याय "इथलं पाणी मानवलं नाही." काळा दोरा बांधून झालेला असतो. हा बहुतेक वेळा पार्व्हो असतो. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. पाचव्या दिवसाचा हिशेब इथे लागतो. लागण बाजारात किंवा त्याच्या आधीच झालेली असते. आईच्या चिकातून आलेलं संरक्षण सहाव्या आठवड्यापासून पुढे हळूहळू ओसरतं, आणि ते असेपर्यंत लस नीट लागू होत नाही. म्हणून लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेची शिफारस आहे की पार्व्हो-डिस्टेंपरची लस सहा ते आठ आठवड्यांत सुरू करायची आणि दर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा द्यायची, वयाचे सोळा आठवडे होईपर्यंत. "एक इंजेक्शन झालंय" हे ऐकून निश्चिंत होऊ नका. तारीख आणि बाटलीवरचं लेबल चिकटवलेलं कार्ड मागा.

घरात आधी एखादं पिल्लू असं गेलं असेल, तर नव्याची तयारी फिनाईलने फरशी पुसून होत नाही. पार्व्हो फिनाईलला दाद देत नाही, आणि अंगणात महिनोन् महिने टिकतो. फरशी आधी घासून धुवायची, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं द्रावण दहा मिनिटं ओलं ठेवायचं. जुनी वाटी, जुनं अंथरूण टाकून द्यायचं. मातीच्या अंगणाचं काही करता येत नाही. तिथे सगळ्या लसी पुऱ्या होईपर्यंत नवं पिल्लू सोडू नये.

हे वाचून काहीजण दुसऱ्या टोकाला जातात आणि चार महिने पिल्लू खोलीत कोंडतात. तेही चूक. ओळखीपाळखीचं वय साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्याला सरतं, तुमच्या लसी सोळाव्याला संपतात. म्हणून पहिल्या लसीनंतर आठवड्याभराने त्याला कडेवर घेऊन फिरवा. कुकरची शिट्टी, ट्रॅक्टर, वरातीचा बँड, टोपीवाले आजोबा, हेल्मेटवाला पोरगा, सगळं दिसू द्या, ऐकू द्या. फक्त रस्त्यावर खाली ठेवू नका.

दुधाचं थोडक्यात. "पिल्लू आहे, दूधभाकरी घालू" हे प्रेम आहे, आहार नव्हे. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या जवळपास दुप्पट असतात आणि लॅक्टोज कमी. नुसत्या गाईच्या दुधावर पिल्लू हगवणीला येतं, नाही आलं तरी त्याचं पोषण पुरं होत नाही. भाकरी चालेल, पण तिच्यासोबत उकडलेलं अंडं, कोंबडी किंवा पिल्लांचं तयार खाद्य हवं. पहिला आठवडा ते जिथे खात होतं तेच द्या आणि हळूहळू बदला. कच्चं मांस खाऊन कुत्रं हिंस्र होत नाही. जंत मात्र होतात.

एका समजावर मात्र विनोद करवत नाही: "पिल्लाच्या चाव्याने काही होत नाही." होतं. रेबीज पिल्लालाही होतो आणि पिल्लाकडून माणसालाही. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी ३६ टक्के भारतात होतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. लस न घेतलेलं पिल्लू चावलं, नख लागून रक्त आलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. आणि पोटात चौदा इंजेक्शनांची भीती आता सोडा. ती जुनी लस देशात २००५ पासून वापरातच नाही. आता दंडात ठराविक दिवशी मोजकी इंजेक्शनं असतात. जखमेतून रक्त आलं असेल तर तिच्याभोवती वेगळं इंजेक्शन देतात. पिल्लाला स्वतःला रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर. गावठी असलं तरी. "गावठीला काही होत नाही" म्हणणाऱ्यांनी मेलेली गावठी पिल्लं कधी मोजलेली नसतात.

बाकीचे समज किरकोळ. वीसनखी कुत्रं शूर असतं: मागच्या पायाला जादा नखी असणं हा आनुवंशिक प्रकार आहे, शौर्याशी संबंध नाही; ती जादा नखी वाढून मांसात रुतते, एवढं बघा. कान धरून उचललं आणि ओरडलं नाही ते पिल्लू चांगलं: कृपा करून हे थांबवा. व्हिएन्नाच्या संशोधकांनी बॉर्डर कोली पिल्लांच्या रीतसर चाचण्या घेऊन २०१४ मध्ये दाखवलं की लहानपणीच्या वागण्यावरून मोठेपणीचा स्वभाव जवळपास सांगता येत नाही. तिथे कान पिरगाळून काय कळणार? कारवानच्या बरगड्या दिसतात म्हणजे उपाशी आहे: शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं त्या जातीला शोभतंच, उगाच तूप चारू नका. नाक ओलं म्हणजे तब्येत ठणठणीत: तापलेल्या कुत्र्याचंही नाक ओलं असू शकतं. मादीला एकदा पिल्लं होऊ द्यावीत म्हणजे ती शांत होते: नाही. सोसायटी कुत्रा पाळायला बंदी करू शकते: करू शकत नाही, प्राणी कल्याण मंडळाने २०१५ सालीच स्पष्ट केलंय. हस्की एसीत राहील: ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे बर्फातलं जनावर आणून वीज जाणारच नाही असं गृहीत धरणाऱ्यांना मी काय सांगणार?

पहिल्या रात्री पिल्लू रडतं. "रडू द्या, सवय होईल" असं म्हणून त्याला गोठ्यात टाकू नका. आयुष्यात पहिल्यांदाच ते एकटं झोपत असतं. खोकं तुमच्या खाटेजवळ ठेवा, आणि आणताना आईच्या अंगाखाली घातलेलं फडकं मागून आणा. यासाठी आधी दोनदा तरी त्या घरी जावं लागतं. जावंच. पिल्लू चौथ्या आठवड्यात पसंत करा, विसार द्या, आणि ते आठ आठवड्यांचं झाल्यावर न्यायला जा. मालक आई दाखवायला टाळाटाळ करत असेल तर विसार देऊ नका.

घरात त्याआधी करायचं काम वायरी उचलण्याचं आहे, उंदराचं औषध फेकण्याचं आहे, आणि आपल्याकडे विसरलं जातं ते धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्यांचं. हरभऱ्याच्या, ज्वारीच्या कोठीत ठेवलेल्या त्या गोळीने कुत्रं काही तासांत जातं, आणि ओकलेल्याचा वायू हुंगणाऱ्या माणसालाही बाधतो. कांदा, मनुका, चॉकलेट उंचावर. डॉक्टर पिल्लू येण्याआधी ठरवून ठेवा. लातूरकरांना उदगीरचं आणि नांदेडकरांना परभणीचंही पशुवैद्यकीय महाविद्यालय फार लांब नाही, पण पार्व्होच्या रात्री तेवढाही प्रवास झेपत नाही. जवळच्या डॉक्टरचा नंबर हवा, आणि ते सलाईन लावतात का हे आधीच विचारलेलं हवं.