सामान्य माणसाचा संगणक : प्रणाली कोणती निवडावी?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचे नियमित सुरक्षा-अपडेट थांबविले. त्यानंतर आमच्या संगणक कक्षात आलेल्या दुरुस्ती कारागिराने जुन्या संगणकांकडे पाहून ‘हे आता भंगारात काढा’ असा सल्ला दिला. संगणक तर व्यवस्थित सुरू होत होते. ज्या मुलांनी आयुष्यातील पहिला संगणक याच खोलीत पाहिला, त्यांच्यासमोरून तो उचलून नेणे आम्हांस पटेना. हाच प्रश्न अनेक पालकांच्या व माजी विद्यार्थ्यांच्या घरीही उभा राहिला असणार. म्हणून हा लेखनप्रपंच. आम्ही इतिहासाचे शिक्षक आहोत, तंत्रज्ञ नव्हे. परंतु ही निवड आपण केली नाही, तर दुकानदार ती आपल्यासाठी करून टाकतो.

ऑपरेटिंग सिस्टीम, अर्थात प्रणाली, म्हणजे यंत्र व माणूस यांच्यामधील कारभारी. दाबलेल्या कळीचे अक्षर पडद्यावर उमटविणे, फाइल जपून ठेवणे, प्रिंटरला निरोप पोहोचविणे ही कामे तो करतो. आज यासाठी मुख्यतः तीन पर्याय आहेत. विंडोज सर्वपरिचित आहे. मॅकची प्रणाली ॲपलच्याच महागड्या यंत्रांसाठी असल्याने तिचा विचार येथे करीत नाही. तिसरा पर्याय लिनक्सचा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने तिला लागणारा गाभा लिहिला. ही प्रणाली कोणीही विनामूल्य वापरावी, तपासावी, सुधारावी व इतरांस द्यावी, अशी मुभा आहे. नाव अनोळखी वाटले, तरी आपल्या हातातील अँड्रॉइड मोबाइलचा गाभाही लिनक्सच आहे.

निवड करताना चार प्रश्न विचारावेत. पहिला : आपली कामे कोणती? शिष्यवृत्तीचे अर्ज, ई-मेल, व्हिडिओ पाहणे ही कामे ब्राउझरमध्ये होतात आणि ब्राउझर सर्वत्र सारखाच चालतो. पत्रे व तक्ते यांसाठी लिब्रेऑफिस मोफत मिळते. मात्र टॅलीसारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनलेले आहे. ज्याची नोकरी टॅलीवर अवलंबून आहे, त्याने आदर्शापोटी विंडोज सोडू नये.

दुसरा प्रश्न यंत्राचा. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. इंटेलचे सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक प्रोसेसर त्या यादीत नाहीत. लिनक्स मिंट २ जीबी रॅमवरही चालते. ४ जीबी असल्यास काम सुखाने होते.

तिसरा प्रश्न मराठीचा. पूर्वीच्या अनेक मराठी फॉन्टमध्ये संगणक आतून रोमन अक्षरांचेच संकेत साठवीत असे. फॉन्ट त्यांना केवळ मराठी रूप देई. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली, की निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. आमच्या जुन्या प्रश्नपत्रिकांची हीच गत झाली. दोष प्रणालीचा नव्हता; आमच्या टंकलेखनाचा होता. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा संकेत असतो, म्हणून ते कोठेही वाचता येते. प्रणाली बदलण्यापूर्वी जुने लेखन युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावे. तसेच इनस्क्रिप्ट कळफलक शिकावा. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये प्रमाणित केलेली ही मांडणी विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर मिळते. एकदा शिकलेले वाया जात नाही.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : अडल्यावर मदत कोण करील? गावातील दुरुस्तीवाल्यास बहुधा विंडोजच ठाऊक असते, आणि कित्येकदा तो विनापरवाना प्रत घालून देतो. अशा प्रतीसोबत व्हायरस येण्याचा धोका असतो. लिनक्स घ्यायचे, तर घरातील अथवा शेजारील एकाने तरी ते शिकून घेतले पाहिजे. केरळमध्ये २००१ साली शालेय संगणक शिक्षणाचा प्रकल्प सुरू झाला व पुढे तेथील सरकारी शाळांनी मुक्त प्रणाली स्वीकारली. मोफत सॉफ्टवेअर मिळाले एवढ्यानेच ते साधले नाही; शिक्षकांना रीतसर प्रशिक्षण दिले गेले, म्हणून साधले.

आम्ही काय केले? प्रथम सर्व फाइलींची दुसरी प्रत काढली. मग लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर घेऊन, संगणकातील काहीही न पुसता, आठवडाभर तसेच चालवून पाहिले. आवाज, इंटरनेट, मराठी टंकलेखन ठीक चालले. एका प्रिंटरने मात्र बरेच दिवस दाद दिली नाही. त्यानंतरच ते कायम बसविले. वाणिज्य शाखेकडे वळू पाहणाऱ्या मुलांसाठी दोन नव्या संगणकांवर परवानाधारक विंडोज ११ ठेवले.

वाचकांनीही हाच क्रम पाळावा : आधी फाइलींची प्रत, मग पेन ड्राइव्हवर परीक्षा आणि शेवटी निर्णय. ज्या संगणकांना भंगारात काढावयाचे होते, त्यांवर आज सहावीची मुले आपापली नावे मराठीत लिहितात. त्या प्रिंटरची अडचणही अखेर दहावीच्या एका विद्यार्थिनीनेच सोडविली.