पॉइंटच्या मोहात उमऱ्याचे पैसे जाऊ नयेत

उमऱ्याचं तिकीट काढा, दुबईला मुलाकडे जा, नाहीतर कराडच्या पंपावर गाडीत पेट्रोल भरा, हल्ली सगळीकडे एकच प्रश्न येतो: "मेंबर आहात का? पॉइंट मिळतील." विमान कंपनीचे पॉइंट वेगळे, बँकेच्या कार्डाचे वेगळे, तिकीट बुक करायच्या ॲपचे वेगळे. सातारा-सांगलीतल्या आपल्या घरांमध्येही आता हे सगळं मोबाईलवर येऊन पोहोचलंय. म्हणून यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे नीट समजून घेऊ.

हे पॉइंट म्हणजे नक्की काय?

१९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने अशी मोठी योजना सुरू केली. जो आमच्याच विमानाने पुन्हा पुन्हा जाईल त्याच्या नावावर 'माइल्स' जमा होतील आणि पुरेसे जमले की त्यावर तिकीट मिळेल, अशी ती कल्पना. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये, हा कंपनीचा त्यातला हेतू. आज एअर इंडियाचा महाराजा क्लब आहे, इंडिगोची २०२४ मध्ये आलेली ब्लूचिप आहे, सौदियाची अलफुरसान, एमिरेट्सची स्कायवर्ड्स, कतारची प्रिव्हिलेज क्लब आहे. प्रत्येकीचे नियम वेगळे.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा. पॉइंट म्हणजे बँकेतली ठेव नव्हे. किती पॉइंटला तिकीट द्यायचं हे कंपनी ठरवते आणि ते ती बदलूही शकते. पॉइंटला मुदत असते. पॉइंटवर तिकीट मिळालं तरी कर आणि इतर आकार बहुतेक वेळा खिशातूनच भरावे लागतात. शिवाय कंपन्याही कायम राहत नाहीत. जेट एअरवेजची विमानं एप्रिल २०१९ मध्ये थांबली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या ग्राहकांचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत गेले.

उमरा आणि आखाताचा प्रवास

विमान कंपनीचं साधं सदस्यत्व फुकट असतं. जाणारच असाल तर ते घ्यायला हरकत नाही. फक्त चार गोष्टी सांभाळा.

पहिली, नाव. सदस्यत्वावरचं नाव पासपोर्टवर आहे अक्षर न् अक्षर तसंच हवं. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव एका कागदावर 'मोहम्मद', दुसऱ्यावर 'मोहं.' असतं. 'शेख' कुठं आधी, कुठं शेवटी. नाव जुळलं नाही तर पॉइंट जमा होत नाहीत.

दुसरी, गटाचं तिकीट. टूरवाल्यांकडून उमऱ्याला जाताना तिकीट बरेचदा सवलतीच्या गट-दरात असतं. अशा तिकिटावर पॉइंट कमी मिळतात किंवा मिळतच नाहीत. पैसे भरायच्या आधीच टूरवाल्याला विचारा.

तिसरी, बोर्डिंग पास. पॉइंट जमा झालेले दिसेपर्यंत तो फेकू नका. राहिलेले पॉइंट मागता येतात, पण त्यालाही मुदत असते.

चौथी, विखुरणं. दर वेळी वेगळ्या कंपनीने गेलात तर पाच ठिकाणी थोडे थोडे पॉइंट पडून राहतात आणि मुदत संपून जातात. आखातात नेहमी जाणं-येणं असेल तर एक-दोनच योजना धरा. एमिरेट्ससारख्या काही कंपन्या घरातल्या सगळ्यांचे माइल्स एका खात्यात गोळा करू देतात.

पण आयुष्यात एकदा उमऱ्याला जाणाऱ्या अम्मी-अब्बांसाठी पॉइंटमागे धावण्यात काही अर्थ नाही. त्यांनी तिकिटाची एकूण किंमत, सामानाची मर्यादा आणि वाटेत किती तास थांबावं लागतं, एवढं बघावं.

कार्डाचा हिशेब

खरा धोका क्रेडिट कार्डात आहे. समजा, कार्डावर दर १०० रुपयांना १ पॉइंट मिळतो आणि पॉइंटची किंमत २५ पैसे आहे. मग १ लाख रुपये खर्च केल्यावर हाती येतात २५० रुपये. आता त्यातले २०,००० रुपये वेळेवर फिटले नाहीत. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर ७०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १२६ रुपये. एका महिन्यात ८२६ रुपये गेले. आणि बाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

हिशेब पैशांपुरता नाही. वेळेवर फेडायचं या अटीवर कार्ड वापरावं की नाही, यावर उलमांची मतं वेगवेगळी आहेत. आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावं. पण अल्लाहच्या घरी जायला पॉइंट जमवायचे आणि त्यापायी व्याज भरायचं, हे कुणाच्याच मनाला पटणार नाही.

"आज पॉइंट संपतील" हा मेसेज

'तुमचे हजारो रुपयांचे रिवॉर्ड पॉइंट आज संपत आहेत, ही फाइल डाउनलोड करा' असे मेसेज बँकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर फिरतात. स्टेट बँकेच्या नावाने येणाऱ्या अशा मेसेजबद्दल सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनेही इशारा दिला आहे. बँक अशी एपीके फाइल पाठवत नाही. ती उघडली की ओटीपी चोराच्या हाती जातात आणि खातं रिकामं होतं. फसवणूक झालीच तर लाजू नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

बिनपॉइंटची सवलत

मोबाईलमधल्या पॉइंटकडे बघताना हातातली सवलत विसरू नका. एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, आणि ७५ पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. वयाच्या पुराव्याला आधार कार्ड जवळ ठेवा. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे, त्यामुळे मिरजेहून बेळगाव-विजापूरकडे जाताना पुढचं तिकीट पूर्ण पडतं. सुट्टीत मुलांना महाराष्ट्र दाखवायचा असेल तर १९८८ पासून चालू असलेला 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पासही आहे. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे.

थोडक्यात, जो प्रवास करणारच होतो त्यावर पॉइंट मिळाले तर घ्यावेत. पॉइंटसाठी प्रवास, खरेदी किंवा कर्ज करू नये. आज घरी एवढं करा: अम्मी-अब्बांच्या मोबाईलमध्ये १९३० हा नंबर सेव्ह करून द्या, आणि पॉइंटची कुठलीही लिंक आली तर आधी आपल्याला दाखवायला सांगा.