जाड टोकांचे अक्षर

रोमन अक्षराच्या उभ्या दांडीच्या टोकाला जी आडवी रेघ असते तिला सेरिफ म्हणतात. ही रेघ दांडीइतकीच जाड आणि चौकोनी केली की स्लॅब सेरिफ तयार होतो. लंडनचे व्हिन्सेंट फिगिन्स यांनी १८१५ च्या सुमारास असे खिळे प्रथम नमुन्यादाखल छापले. काळ जाहिरातींचा होता. भिंतीवरचे पत्रक रस्त्यावरून वाचता यायला हवे होते. १८४५ मध्ये रॉबर्ट बेस्ली यांच्या कारखान्यातून क्लॅरेंडन हा टाइप आला. शब्दकोशात मूळ शब्द बाकीच्या मजकुरातून उठून दिसावा, यासाठी तो फार उपयोगी पडला. टाइपरायटरवरही हीच जाड टोके कामी आली. तिथे प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी मिळते, म्हणून चिंचोळ्या अक्षराची रिकामी जागा टोके लांबवून भरावी लागते.

देवनागरीला असे पाय नाहीत. तिची अक्षरे शिरोरेषेला लोंबकळतात. त्यामुळे रोमन टोके उचलून देवनागरीला चिकटवली, तर अक्षर परके दिसते. खरे साम्य रेघांच्या जाडीत आहे. बोरूने काढलेली रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते. स्लॅबमध्ये हा फरक जवळजवळ मिटतो. सोल मातास यांनी आपल्या ‘बिटर’ या रोमन स्लॅबच्या जोडीला ‘कडवा’ हा देवनागरी फाँट केला. तो साधा आणि ठळक अशा दोन वजनांत मोफत मिळतो. (नाव हिंदीतले, ‘कडू’ या अर्थाचे, मराठीत ‘कडवा’ म्हणजे कट्टर.)

ठळक देवनागरीची परीक्षा घ्यायला बीड जिल्ह्यातील तालुक्यांची नावे पुरेशी आहेत. ‘वडवणी’ सोपे, कारण त्यातली अक्षरे मोकळी आहेत. ‘बीड’ दोनच अक्षरांचे, पण ‘ब’च्या पोटात तिरकी रेघ असते. ती दांडीइतकी जाड ठेवली तर पोट बुजते आणि लांबून ‘ब’चा ‘व’ वाटतो. जाणकार आरेखक ती रेघ थोडी बारीक करतो आणि पोट किंचित फुगवतो. ‘आष्टी’त हाच पेच ‘ष’मध्ये येतो, वर जोडाक्षर सांभाळायचे असते. ‘धारूर’मध्ये ‘रू’चा उकार ‘र’च्या कमरेत शिरतो. ‘अंबाजोगाई’त अनुस्वार, ओकार आणि ‘ई’चा रफारासारखा आकडा असे तीन डोलारे शिरोरेषेच्या वर उभे राहतात, म्हणून दोन ओळींत जास्त अंतर सोडावे लागते. ‘माजलगाव’ला पाकळीचा ‘ल’ हवा, ‘शिरूर’ला देठाचा ‘श’. हिंदी वळणाची अक्षरे आली की पाटी मराठी माणसाला लगेच खटकते.

असा टाइप मथळा, दुकानाची पाटी, कार्यक्रमाचे पत्रक, पुस्तकाचे मुखपृष्ठ आणि कोशातला मूळ शब्द यांना शोभतो. हलक्या कागदावर शाई पसरली तरी त्याची रेघ टिकते. मात्र अक्षर लहान असेल तर तीच शाई आतली पोकळी भरून टाकते. सलग मजकुरासाठी ठळक वजन वापरू नये. पानभर सगळेच काळे झाले की उठून दिसायला काही उरत नाही, शिवाय डोळे शिणतात. तिथे त्याच कुळातले साधे वजन घ्यावे आणि ठळक वजन उपशीर्षकापुरते ठेवावे.