ऑस्ट्रेलियातील वास्तवाधारित दूरचित्रवाणी कार्यक्रम

ऑस्ट्रेलियातील वास्तवाधारित दूरचित्रवाणी कार्यक्रम या संज्ञेत लेखकाने रचलेल्या कथेऐवजी खऱ्या व्यक्ती, स्थळे आणि घटना यांवर आधारलेल्या कार्यक्रमांचा समावेश होतो. शोधपत्रकारिता, माहितीपट, निरीक्षणात्मक मालिका, जीवनशैलीविषयक कार्यक्रम आणि स्पर्धात्मक रिॲलिटी शो हे त्याचे प्रमुख प्रकार होत. या प्रकारांमधील सीमारेषा पुसट असली, तरी ऑस्ट्रेलियात तिला कायदेशीर आणि आर्थिक महत्त्व प्राप्त झाले आहे. एखादा कार्यक्रम माहितीपट ठरतो की नाही यावर निर्मात्याला मिळणारी करसवलत अवलंबून असते. त्याचप्रमाणे, त्यात दिसणारी व्यक्ती केवळ स्पर्धक आहे की कामगार, यावर तिला मिळणारे संरक्षण अवलंबून असते.

पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियात नियमित दूरचित्रवाणी प्रक्षेपणाचा प्रारंभ १९५६ मध्ये सिडनी येथे झाला. सेव्हन, नाईन आणि टेन ही तेथील प्रमुख व्यावसायिक जाळी असून एबीसी आणि एसबीएस या सार्वजनिक संस्था आहेत. एसबीएसची दूरचित्रवाणी सेवा १९८० मध्ये बहुभाषक, बहुसांस्कृतिक समाजासाठी सुरू करण्यात आली.

एबीसीचा फोर कॉर्नर्स हा शोधपत्रकारितेचा कार्यक्रम १९६१ पासून प्रसारित होत आहे. क्वीन्सलँड राज्यातील पोलीस भ्रष्टाचारावर पत्रकार क्रिस मास्टर्स यांनी १९८७ मध्ये केलेल्या त्याच्या भागानंतर फिट्झगेराल्ड चौकशी आयोग नेमला गेला. नॉर्दर्न टेरिटरीतील डॉन डेल बालबंदी केंद्रातील मुलांच्या छळावरील २०१६ च्या भागानंतर शाही चौकशी आयोगाची घोषणा झाली. १९९६ मध्ये सुरू झालेल्या ऑस्ट्रेलियन स्टोरी या कार्यक्रमात वार्ताहराचे निवेदन नसते. संबंधित व्यक्ती आणि तिचे निकटवर्तीय स्वतःच कथा सांगतात.

निरीक्षणात्मक मालिका

एबीसी आणि ब्रिटनची बीबीसी यांनी संयुक्तपणे निर्मिलेली सिल्व्हेनिया वॉटर्स (१९९२) ही ऑस्ट्रेलियातील रिॲलिटी दूरचित्रवाणीची पूर्वसूरी मानली जाते. सिडनीच्या दक्षिणेकडील त्याच नावाच्या उपनगरात राहणाऱ्या एका संपन्न कुटुंबाच्या दैनंदिन जीवनाचे चित्रीकरण करून तिचे १२ भाग तयार करण्यात आले. कुटुंबातील भांडणे, मद्यपान आणि पैशांविषयीची वृत्ती यांवर देशभर चर्चा झाली. आपले चित्र संकलनातून विपर्यस्त केले गेले, अशी तक्रार कुटुंबाने नंतर केली. ‘जे दिसते ते घडलेच होते, पण ते तसेच घडले होते का?’ हा प्रश्न पुढील प्रत्येक दशकात नव्या स्वरूपात उपस्थित झाला.

पुढे संस्थांच्या दैनंदिन कामकाजावर आधारित मालिका लोकप्रिय झाल्या. सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयात चित्रित झालेली आरपीए ही मालिका १९९५ पासून नाईन वाहिनीवर दाखवली जात असे. विमानतळांवरील सीमाशुल्क व जैवसुरक्षा तपासणी दाखवणारी बॉर्डर सिक्युरिटी ही मालिका २००४ मध्ये सेव्हनवर, तर बाँडाय किनाऱ्यावरील जीवरक्षकांची बाँडाय रेस्क्यू ही मालिका २००६ मध्ये टेनवर सुरू झाली. अशा मालिकांत निर्माते प्रसंग रचत नाहीत. तथापि चित्रीकरणास परवानगी देणारी संस्था हीच कथेचा विषय असल्यामुळे तिच्यावर टीका करण्यास फारसा वाव राहत नाही, असा आक्षेप घेतला जातो.

स्पर्धात्मक रिॲलिटी शो

रिॲलिटी शोमध्ये सहभागी व्यक्ती खऱ्या असतात, मात्र त्यांची परिस्थिती निर्माते ठरवतात. न्यूझीलंडमध्ये १९९९ मध्ये निर्माण झालेल्या पॉपस्टार्सची ऑस्ट्रेलियन आवृत्ती २००० मध्ये आली आणि तिच्यातून बार्डो हा गायिकांचा समूह पुढे आला. मूळ डच संकल्पनेवर आधारित बिग ब्रदर २००१ मध्ये टेनवर सुरू झाला. त्याचे घर क्वीन्सलँडमधील गोल्ड कोस्ट येथील ड्रीमवर्ल्ड उद्यानात उभारण्यात आले होते. २००४ मध्ये घराबाहेर पडलेल्या एका स्पर्धकाने तोंडावर पट्टी लावून निर्वासितांच्या मुक्ततेची मागणी करणारा फलक थेट प्रक्षेपणात धरला आणि मुलाखतीस नकार दिला.

२००६ मध्ये घरातील एका महिलेशी दोन पुरुष स्पर्धकांनी केलेल्या कथित गैरवर्तनाचे दृश्य इंटरनेटवरील थेट प्रक्षेपणातून बाहेर पडले. दोघांना कार्यक्रमातून काढून टाकण्यात आले. कार्यक्रम बंद करावा, असे मत तत्कालीन पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी व्यक्त केले. हे दृश्य दूरचित्रवाणीवर दाखवले गेले नव्हते, त्यामुळे प्रसारणाचे प्रचलित नियम त्यास लागू होत नव्हते. ही त्रुटी दूर करण्यासाठी २००७ मध्ये कायद्यात बदल करून थेट इंटरनेट प्रक्षेपण नियमनाखाली आणले गेले.

नाईनवरील द ब्लॉक (२००३) ही मूळ ऑस्ट्रेलियन संकल्पना आहे. तिच्यात जोडपी घरांचे नूतनीकरण करतात आणि नंतर त्या घरांचा लिलाव होतो. राखीव किमतीपेक्षा अधिक मिळालेली रक्कम जोडप्याला दिली जाते. मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया (२००९) या मूळ ब्रिटिश संकल्पनेवरील पाककला स्पर्धेची पहिली विजेती ज्युली गुडविन होती. २०१० मध्ये त्याच्या अंतिम फेरीशी वेळ जुळू नये, म्हणून जुलिया गिलार्ड आणि टोनी ॲबट यांच्यातील निवडणूकपूर्व वादचर्चा नियोजित वेळेआधी घेण्यात आली.

मॅरिड ॲट फर्स्ट साइट (२०१५) या डॅनिश संकल्पनेवरील कार्यक्रमात अनोळखी व्यक्तींचे ‘विवाह’ लावले जातात. ऑस्ट्रेलियाच्या १९६१ च्या विवाह कायद्यानुसार विवाहाची सूचना किमान एक महिना आधी देणे आवश्यक आहे. जोडीदार विवाहवेदीवरच प्रथम भेटत असल्यामुळे ही अट पाळणे शक्य नसते. परिणामी हे विधी केवळ प्रतीकात्मक असून कायद्याने विवाह ठरत नाहीत.

सामाजिक प्रयोगाचे कार्यक्रम

काही कार्यक्रमांत रिॲलिटी शोचे तंत्र सामाजिक प्रश्नांसाठी वापरले गेले. एसबीएसच्या गो बॅक टू व्हेअर यू केम फ्रॉम (२०११) मध्ये सहा ऑस्ट्रेलियन नागरिकांना निर्वासितांच्या प्रवासाचा मार्ग उलट दिशेने २५ दिवसांत अनुभवण्यास लावले. फर्स्ट काँटॅक्ट (२०१४) मध्ये मूलनिवासी नसलेल्या सहा व्यक्ती मूलनिवासी वस्त्यांमध्ये राहण्यास गेल्या. एबीसीवरील यू कान्ट आस्क दॅट (२०१६) मध्ये समाजाच्या कडेला असलेले लोक, एरवी विचारण्यास संकोच वाटेल अशा निनावी प्रश्नांना उत्तरे देतात. या कार्यक्रमांतील परिस्थिती रचलेली असते, पण प्रतिक्रिया खऱ्या असतात. त्यामुळे त्यांना माहितीपट म्हणावे की रिॲलिटी शो, याविषयी एकमत नाही.

माहितीपटाची कायदेशीर व्याख्या

२००७ मध्ये सुरू झालेल्या निर्माता करसवलत योजनेनुसार पात्र ऑस्ट्रेलियन निर्मितीखर्चाचा ठरावीक भाग निर्मात्यास परत मिळतो. माहितीपट या योजनेस पात्र असून पात्रतेचे प्रमाणपत्र स्क्रीन ऑस्ट्रेलिया ही सरकारी संस्था देते. घरगुती स्वच्छता आणि व्यवस्थापन यांविषयीच्या लश हाउस या मालिकेस संस्थेने प्रमाणपत्र नाकारले. निर्मात्याने अपील केल्यावर प्रशासकीय अपील न्यायाधिकरणाने ती माहितीपट असल्याचा निर्णय दिला आणि २०१२ मध्ये फेडरल न्यायालयाच्या पूर्णपीठाने स्क्रीन ऑस्ट्रेलियाचे अपील फेटाळले. त्या वेळी कायद्यात माहितीपटाची स्वतंत्र व्याख्या नव्हती.

या निकालानंतर आयकर कायद्यात व्याख्या समाविष्ट करण्यात आली. माहितीपटकार जॉन ग्रिअर्सन यांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या ‘वास्तवाची सर्जनशील मांडणी’ या कल्पनेवर ती आधारलेली आहे. कार्यक्रमात रचलेल्या परिस्थितीचे प्रमाण व हेतू, एखाद्या विचाराचा किंवा विषयाचा घेतलेला शोध आणि एकंदर कथनरचना हे निकष त्यात विचारात घेतले जातात. माहिती मनोरंजक पद्धतीने मांडण्याच्या मुख्य हेतूने केलेले जीवनशैलीविषयक कार्यक्रम त्यातून वगळले आहेत. म्हणजेच प्रसंग रचला गेला एवढ्यावरून कार्यक्रम अपात्र ठरत नाही. तो किती आणि कशासाठी रचला गेला, हे पाहिले जाते.

सहभागींची कायदेशीर स्थिती

रिॲलिटी शोच्या करारांत सहभागी व्यक्ती कर्मचारी नसल्याचे सामान्यतः नमूद केलेले असते. सेव्हनवरील हाउस रूल्स या गृहसजावट स्पर्धेच्या २०१७ च्या पर्वातील एका सहभागी महिलेने या भूमिकेस आव्हान दिले. आपल्याला खलनायिकेच्या रूपात दाखवल्यामुळे मानसिक इजा झाली, असा तिचा दावा होता. न्यू साउथ वेल्सच्या कामगार नुकसानभरपाई आयोगाने २०१९ मध्ये तिला कामगार ठरवून भरपाईचा हक्क मान्य केला. सहभागींना दिला जाणारा साप्ताहिक भत्ता आणि त्यांच्या वेळेवर व कामावर असलेले वाहिनीचे नियंत्रण या बाबी निर्णयात महत्त्वाच्या ठरल्या. सिल्व्हेनिया वॉटर्समधील कुटुंबाची तक्रार सार्वजनिक चर्चेपुरती राहिली होती, तर संकलनातून उभ्या राहिलेल्या प्रतिमेचा प्रश्न या प्रकरणात कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेशी जोडला गेला.

भारताशी संबंध

मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया हा कार्यक्रम स्टार वर्ल्ड वाहिनीमुळे भारतात लोकप्रिय झाला. मूळचे कोल्हापूरचे ऋषी देसाई त्याच्या पाचव्या पर्वात (२०१३) स्पर्धक होते. सिंगापूरमध्ये जन्मलेले भारतीय वंशाचे शशी चेलिया यांनी २०१८ मध्ये, तर भारतीय-फिजी वंशाचे जस्टिन नारायण यांनी २०२१ मध्ये ही स्पर्धा जिंकली. बिग ब्रदरच्याच मूळ संकल्पनेवर हिंदीतील बिग बॉस आणि २०१८ मध्ये सुरू झालेला बिग बॉस मराठी हे कार्यक्रम आधारित आहेत.