सुई आणि स्थूलता

म्हैसूर शहरात लष्कर मोहल्ल्याजवळच, मंडी मोहल्ल्यात, होल्ड्सवर्थ स्मारक रुग्णालय १९०६ पासून उभे आहे. तेथे १९३४ पासून जन्मलेल्या बालकांचे वजन, लांबी व डोक्याचा घेर वहीत टिपून ठेवण्यात येत असे. साठ वर्षांनी संशोधकांनी या वह्या उघडल्या आणि त्या परिसरातच राहणारे, १९३४ ते १९५४ या काळात जन्मलेले ५१७ स्त्री-पुरुष तपासले. त्यांच्यात असे दिसले, की जन्मतः अडीच किलो वा त्याहून कमी भरलेल्यांत शेकडा ११ जणांना हृदयविकार होता; ३.१ किलो वा अधिक भरलेल्यांत केवळ शेकडा ३ जणांना.

हृदयविकार हा सुखवस्तूंचा, खाऊन-पिऊन माजलेल्यांचा रोग, ही समजूत येथे डळमळते. स्थूलतेविषयीही असेच घडले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व मुलांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालके इंग्रज बालकांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅमनी हलकी असत. पण ही तूट स्नायूंत व पोटातील अवयवांत पडलेली, चरबी मात्र बरीचशी राखलेली! काटकुळ्या देहात चरबीचा साठा, असा हा विचित्र संसार. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन या दोघांचा देहभार-निर्देशांक अगदी सारखा, २२.३ होता, तथापि युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाटा खोटे बोलत नाही, पण सगळे खरेही सांगत नाही.

अशा देहाला, पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या आईच्या उदरात काटकसर शिकलेल्या देहाला, जेव्हा एकाएकी शहर भेटते तेव्हा काय होते? तेल, साखर व मैदा स्वस्त. भाजी, फळे व डाळ महाग. कष्टाची कामे यंत्रांकडे गेली, पदपथ वाहनांनी व्यापले, रात्रपाळीने झोपेचे वेळापत्रक मोडले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शहरी स्त्रियांपैकी ३३ टक्के अतिवजनी वा स्थूल आढळल्या. एवढ्या साऱ्या बायका एकाच वेळी आळशी व जिभेच्या लोभी झाल्या, असे मानणे सोयीचे खरे. सयुक्तिक मात्र नाही.

याच सुमारास नवी औषधे आली. जेवणानंतर आतडे एक संप्रेरक सोडते. ते मेंदूला तृप्तीचा निरोप देते आणि जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते. सेमाग्लुटाइड हे त्या संप्रेरकाचे टिकाऊ अनुकरण होय. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आठवड्यातून एकदा सुई घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांनी उतरले. वजनासाठीची ही सुई जून २०२५ मध्ये भारतात आली. मधुमेही वा अतिस्थूल रुग्णाला तिचा लाभ मोठा आहे, आणि ती घेणाऱ्याला नावे ठेवणे हा निव्वळ दुष्टपणा. परंतु सुई थांबताच वर्षभरात गेलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत येते. कारण भूक आवरली गेली तरी बाजार, रस्ता व कामाचे तास होते तेथेच असतात. शिवाय दीर्घकाळ घ्यावयाचा हा खर्च मोलकरणीला किंवा रिक्षावाल्याला कोठून झेपणार?

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून वेगळा प्रयोग झाला. गर्भधारणेपूर्वीपासूनच स्त्रियांना पालेभाजी, फळे व दूध घालून केलेला खाऊ रोज देण्यात आला. बाळांच्या वजनात एकंदरीने फारसा फरक पडला नाही; ज्या स्त्रियांनी गर्भधारणेआधी निदान तीन महिने तो खाल्ला, त्यांच्या बाळांचे वजन तेवढे सुमारे ४८ ग्रॅमनी वाढले. गरोदरपणातील मधुमेह मात्र साधा खाऊ घेणाऱ्या स्त्रियांत १२.४ टक्के, तर हा खाऊ घेणाऱ्यांत ७.३ टक्के इतकाच आढळला.